शांततेचा रकाना

आज सकाळी ती पुन्हा रेडिओवर होती. या वर्षातली ही तिसरी खेप. मी मोजत वगैरे नाही.

हार्लेमच्या माझ्या स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते आणि दहा वर्षांची नात टेबलाशी बसून पावावर चॉकलेटचे दाणे पसरत होती. निवेदकानं सांगितलं, की वर्णभेदाविरुद्ध कोर्टात लढणाऱ्या देशातल्या आघाडीच्या वकील आज आपल्याकडे आल्या आहेत. मग तिचा आवाज आला. आइंडहोवनकडचं ते मऊ डच, ज्यात घसा खरवडावा लागत नाही. माझ्या हातून कणकेत पाणी जास्त पडलं.

नातीनं विचारलं, ही बाई तुझ्या ओळखीची आहे का. नातीला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र डच येतं.

"माझ्या हाताखाली होती," मी म्हटलं.

हे पूर्ण खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. एकाहत्तराव्या वर्षी नातीशी अर्धवट बोललेलं खपून जातं. कागदावर खपत नाही, म्हणून सगळं लिहिते.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. आता पाहिलं तर अगदीच पोरकट वय. स्वतःला मात्र मी फार पोचलेली समजत असे. पुण्याहून वकिलीची पदवी घेऊन नवऱ्यामागून या देशात आले. ती पदवी इथे कोणी विचारेना. मग मुलांच्या शाळा सांभाळत डच शिकले, डच कायदा पहिल्यापासून शिकले, आणि चाळिशीच्या तोंडावर एकदाचा तोगा अंगावर चढवला. तोगा म्हणजे इथल्या वकिलांचा काळा पायघोळ झगा. पहिल्या दिवशी तो घरी आणून मी संध्याकाळभर घालून हिंडले. कुकर लावतानाही काढला नाही.

आमचं ऑफिस एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. कातडीच्या रंगामुळे किंवा नावामुळे ज्यांना घर, नोकरी, हॉटेलात टेबल नाकारलं जातं, त्यांचे खटले आम्ही चालवायचो. आम्ही चार वकील आणि वर एक बॉस. बॉस म्हणजे हाडापेरानं मोठी, उंच डच बाई. भर पावसात सायकलवरून यायची आणि दुपारी साडेबाराला चीज लावलेले दोन पाव खायची. इतक्या वर्षांत तिनं तिसरा पाव खाल्लेला मी पाहिला नाही.

भाड्याच्या घरांच्या तक्रारी सगळ्यांत जास्त यायच्या आणि सिद्ध करायला त्याच सगळ्यांत अवघड, कारण नकाराचं खरं कारण तोंडावर कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही जोडीचे फोन करायचो. एकाच घरासाठी, अर्ध्या तासाच्या अंतरानं, एजंटाला दोन फोन. एक डच नावाचा, एक परक्या नावाचा. नोकरी तीच, कुटुंब तेवढंच, प्रश्नही तेच. परक्या नावाचा फोन मी करायची. माझे उच्चार जणू त्याच कामासाठी घडवले होते. शेजारी कोणीतरी पिवळा फॉर्म घेऊन बसायचं आणि काय विचारलं, काय उत्तर आलं ते लिहून घ्यायचं.

त्या फॉर्मातला शेवटचा रकाना माझा, मी शोधून काढलेला. आपण नाव सांगितलं की पलीकडे एक शांतता पडते. ती किती सेकंद होती ते त्यात लिहायचं. मुलाच्या पोहण्याच्या क्लाससाठी घेतलेलं स्टॉपवॉच मी त्यासाठी ऑफिसात नेलं होतं. डच नावाला अर्धा सेकंदही लागत नसे. माझ्या नावाला दोन, तीन, कधी चार. मग एजंट गोड आवाजात म्हणायचा, "तिथं तुमचं जमेल असं वाटत नाही." या रकान्याचा मला इतका अभिमान होता, की घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी त्याबद्दल सांगत बसे. पाहुणे हळूहळू कमी झाले.

आल्मेरेला राहणारी एक सुरिनामी नर्स आमच्याकडे आली होती. दोन मुलींना घेऊन ती बहिणीच्या बैठकीच्या खोलीत झोपायची. एकाच एजन्सीनं तिला एकामागून एक सहा घरं नाकारली होती. दोन वर्षं मी त्या एजन्सीला जोडीचे फोन केले, फॉर्मांचे तीन खोके भरले, आणि खालच्या कोर्टात खटलाही मीच चालवला. हरले. न्यायाधीशांनी मला तीनदा "माफ करा, पुन्हा सांगता का?" असं विचारलं आणि दर वेळी पुन्हा सांगताना माझा एकेक मुद्दा गळाला. निकालात म्हटलं होतं, की हा सगळा योगायोगही असू शकतो.

आम्ही वरच्या कोर्टात गेलो. वरच्या कोर्टात उभं राहायची माझी ती बहुधा शेवटची संधी. नर्सला घर हवं होतं, मला ते कोर्ट हवं होतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

आणि नेमकी तेव्हाच ती आली.

ती एकोणतीस वर्षांची होती. वडील नागपूरकडचे, आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ती तिथंच वाढलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं दोन वर्षं बंद पडलेलं कॉपी मशीन चालू केलं आणि बॉसला हसवलं. बॉसला खालचे दातही आहेत हे तेव्हा कळलं. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. बॉसलाही नावानंच. मला मात्र ती "काकू" म्हणायची. मीटिंगमध्ये, अस्खलित डच वाक्याच्या मधोमध, काकू. महिन्याभरात अख्खं ऑफिस मला काकू म्हणायला लागलं. बॉस माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती, तीसुद्धा.

तिचं आडनाव "कर"नं संपणारं, गावावरून पडलेलं, कोणाचंही असू शकेल असं. तीन दिवस मी त्या आडनावाशी अडून बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, आणि तरीही उलगडेना तेव्हा हळूच विचारलं, "घरी गणपती किती दिवसांचा असतो गं तुमच्या?" हा प्रश्न गणपतीबद्दल नसतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं माझ्याकडे बघत डचमध्ये सांगितलं, की आमच्याकडे गणपती नसतो, आम्ही बौद्ध आहोत. मी "अच्छा" म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. दिवसभर वर्णभेदाच्या फायली चाळणाऱ्या त्या बाईला, म्हणजे मला, यात काही खटकलं नाही. साधी चौकशी तर केली होती.

खटकत होतं ते तिचं डच. ती फोनवर बोलायला लागली की पलीकडचा माणूस खुर्चीत मागे रेलल्याचं ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना तो पुढे वाकायचा. ज्या भाषेशी मी तीस वर्षं झटापट केली, ती या मुलीनं बालवाडीत दुधाच्या कपाबरोबर पिऊन टाकली होती. जोडीच्या फोनांत डच नावाचं काम आता तिच्याकडे गेलं. माझ्याहून दोन छटा सावळी मुलगी फोनवर सहज डच व्हायची, तिला घर दाखवायची वेळ मिळायची, आणि अर्ध्या तासानं त्याच घराला माझ्या नावाला नकार. पुरावा म्हणून उत्तमच होतं. मी मात्र स्टॉपवॉच हातात धरून दात आवळून बसायची. तिचा आवाज बसावा असं मला वाटायचं. कायमचा नको, अपिलापुरता.

अपिलाला दोन महिने राहिले असताना बॉसनं मला आपल्या खोलीत बोलावलं. म्हणाली, वरच्या कोर्टात या मुलीला बोलू द्यावं असं मनात आहे, तू शेजारी बस. तुम्ही दोघी एकाच मुलखातल्या, तू तिला जास्त ओळखतेस, तुला काय वाटतं?

मी आधी तिची हुशारी मान्य केली. हे फार महत्त्वाचं असतं, आधी हुशारी मान्य करणं. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हटलं, "ती आमच्यासारख्या घरातली नाही. तिच्या लोकांत राग फार असतो. वरच्या कोर्टात तिचं जमेल असं वाटत नाही." आणि बॉसच्या दंडावर हात ठेवून म्हटलं, हे आपल्या दोघींत राहू दे.

पुण्यात हे बरोबर चाललं असतं. असं कानात टाकलेलं वाक्य कानोकानी फिरतं, सहा महिन्यांनी ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि टाकलं कोणी ते कधीच कळत नाही. मी एवढंच विसरले होते, की बॉस डच आहे. तिच्या लेखी कोणाबद्दल शंका असेल तर ती त्या माणसासमोर टेबलावर ठेवायची असते, नाहीतर तो त्या माणसाचा अपमान.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मुद्दा तिसरा खिडक्या पुसण्याचा होता. मुद्दा चौथा निघाला तेव्हा बॉस चहा ओतता ओतता त्या मुलीला म्हणाली, काकूंना वाटतं की तू वेगळ्या घरातली आहेस, तुझ्या लोकांत राग फार असतो आणि वरच्या कोर्टात तुझं जमणार नाही. मला यातलं काही समजलं नाही. तुम्ही एकमेकींशी बोलून घ्या. आणि तिनं साखरेचं भांडं पुढे सरकवलं.

मुलगी उठली, तिच्या टेबलाकडे गेली आणि एक पिवळा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. वर तारीख होती तिच्या तिसऱ्या दिवसाची. फोन कोणाला, या ओळीवर काट मारून लिहिलं होतं: जेवणाची सुट्टी. प्रश्न: गणपती किती दिवसांचा. उत्तर: आम्ही बौद्ध. प्रतिसाद: अच्छा. शेवटच्या रकान्यात तीनचा आकडा.

मग ती मराठीत बोलली. त्या ऑफिसात पहिल्यांदाच.

"रकाना तुमचाच आहे, काकू. मी फक्त भरला."

बाकी कोणाला ते समजलं नाही. तेवढी दया तिनं दाखवली, किंवा मला नीट लागावं म्हणून माझ्या भाषेत सांगितलं.

दोन दिवस मी आजारी आहे म्हणून घरी बसले आणि बचाव तयार केला. सवयच ती. मुद्दा एक, माझ्या मनात तसं काही नव्हतं. मुद्दा दोन, माझ्या घरी सगळ्या प्रकारचे लोक जेवून गेलेत. मुद्दा तीन, प्रश्न साधा होता, चुकीचा अर्थ काढला गेला. असे नऊ मुद्दे झाले. सातव्यावर होते तेव्हा वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. खालच्या कोर्टात मी घेतलेली टिपणं काढून पाहिली. एजन्सीच्या वकिलानं हेच मांडलं होतं, जवळजवळ याच क्रमानं. आणि "जमेल असं वाटत नाही" हे तर मी त्या एजंटाचं वाक्यच उचललं होतं, दोन वर्षं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं.

तिसऱ्या दिवशी मी तिन्ही खोके तिच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि बॉसला सांगितलं, की ती बोलेल, मी शेजारी बसेन. यात मनाचा मोठेपणा शोधू नका. मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि मध्ये खोके असले की ती कमी दिसायची. तरी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

"सॉरी नंतर बघू," ती म्हणाली. "आधी कुठला फोन कधीचा ते सांगा."

सहा आठवडे आम्ही शेजारी बसून काम केलं. माझ्या भाषणाची पहिली अकरा पानं तिनं एका पानावर आणली. ते एक पान माझ्या अकरांपेक्षा चांगलं होतं, हे मला लगेच दिसलं आणि मी पेन्सिलीचं टोक चावून चपटं केलं. पश्चात्ताप झाला की हेवा जातो असं ज्यांना वाटतं, त्यांना दोन्ही नीट झालेले नसावेत. माझ्यात ते दोघे एकाच खुर्चीवर बसून काम करत होते.

सुनावणीच्या दिवशी आमच्या मागच्या रांगेत नर्स थोरल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीनं शाळेचं दप्तर मांडीवर धरलं होतं. आमच्या ऑफिसातली मुलगी बोलली आणि तीनही न्यायाधीश खुर्चीत मागे रेलले. मग एजन्सीचा वकील उठला. म्हणाला, शांतता हा काय पुरावा झाला? फोनवरचा माणूस चहाचा घोट घेतो, पेन शोधतो, शिंक आवरतो. मुख्य न्यायाधीशांनी मान हलवली आणि आमच्याकडे वळून विचारलं, की त्या तीन सेकंदांत माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे तुम्हाला कसं कळणार?

याचं उत्तर आम्ही तयार केलं होतं. तिला पाठ होतं. तिनं कागद उचलला, परत ठेवला, आणि माइक माझ्यापुढे सरकवला.

"काकू, तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली.

तो सूड होता की मान, हे मी तेरा वर्षं ठरवते आहे.

मी उभी राहिले. ज्या कोर्टासाठी मी एका पोरीचे पाय ओढले ते कोर्ट आता माझ्यासमोर होतं, आणि डोक्यात एकही कलम नव्हतं. मी म्हटलं, हा रकाना मी बनवला आहे. मी स्वतःही अशी थांबले आहे. एका सहकारी बाईंनी मला त्यांच्या घराबद्दल सांगितलं, तेव्हा मी तीन सेकंद गप्प होते. मी चहा पीत नव्हते. त्या तीन सेकंदांत मी त्यांना माझ्या डोक्यातल्या एका कप्प्यात ठेवून दार लावलं. पुढे त्यांच्याविषयी मी जे बोलले ते या एजंटाच्या वाक्याशी शब्दशः जुळतं. म्हणून मला ठाऊक आहे त्या वेळात काय होतं.

न्यायाधीश पुढे वाकले.

"माफ करा, शेवटची दोन वाक्यं पुन्हा सांगता का?"

माझे उच्चार. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले आणि तेही दोनदा बोलावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं आणि एकेक अक्षर सोडवून. मागे नर्सच्या मुलीचं दप्तर खाली पडलं. कोणी उचललं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. नुसत्या शांततेनं काही सिद्ध होत नाही, पण नकारांबरोबर वाचली तर ती बोलते, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. त्यात माझं नाव नव्हतं. त्याच एजन्सीकडून नर्सला पुढच्या हिवाळ्याआधी आल्मेरेतच घर मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला तो नर्सचा आणि तिचा, कोर्टाच्या पायऱ्यांवर. डाव्या कडेला एक काळं कोपर दिसतं. ते माझं. ते कात्रण माझ्याकडे आहे, आणि त्याच पाकिटात तो पिवळा फॉर्मही. त्यानंतर तिच्याकडे मोठमोठे खटले आले, तिनं स्वतःचं ऑफिस काढलं, नव्या वकिलांना शिकवायला लागली. दर वेळी मी अभिनंदनाचा मेसेज पाठवते आणि दर वेळी तो पाठवण्याआधी घरात एक फेरी मारून येते.

तर, आज सकाळी. निवेदकानं तिला विचारलं, हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात?

ती थांबली. माझे कणकेतले हात थांबले. दोन सेकंद. सव्वादोन.

"ऑफिसात एक काकू होत्या," ती म्हणाली. काकू हा शब्द तिनं डच रेडिओवर तसाच ठेवला, अर्थ सांगितला नाही. "फोनवर कसं ऐकायचं ते त्यांनी शिकवलं. आणि एकदा कोर्टात त्यांनी एक उत्तर दिलं. मी ते सहकाऱ्यांना अजून वाचायला देते." मग ती दुसऱ्याच विषयाकडे वळली.

नात पाव खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, ती काकू म्हणजे तू का?

मी हात धुतले. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांनी तिला फोन लावला. ती स्टुडिओबाहेर होती, मागे ट्रामचा आवाज येत होता.

"बोला, काकू."

"तू म्हणाली होतीस सॉरी नंतर बघू."

"हो."

"तेरा वर्षं झाली."

"मग म्हणा."

मी म्हटलं. मराठीत, जेवढं म्हणायचं होतं तेवढं सगळं, गणपतीपासून बॉसच्या दंडापर्यंत. तिनं काही पुन्हा सांगायला लावलं नाही. ऐकू आलं का, असं मीच विचारलं, तर म्हणाली, आलं.

"बरं," मी म्हटलं, "आता त्या 'होत्या'चं बोल. होत्या म्हणजे काय? अजून आहे मी."

ती हसली. मला तिचं हसणंही माझ्यापेक्षा चांगलं वाटतं. टेबलावर कणकेचा पार चिखल झाला होता. नातीला म्हटलं, आज पोळ्या नाहीत, धिरडी खा.